घरकर्ज लवकर फेडायचंय? मग चौकोन खालूनही रंगवा

एका वाचक ताईंनी पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही कमावतात. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा. घरासाठी २० वर्षांचं कर्ज घेतलं, त्याला ३ वर्षं झाली. उत्पन्नातले ३५ टक्के हप्त्यात जातात. पुढे त्या लिहितात, "ताई, गेले आठ महिने आम्ही प्रत्येक गोष्टीत हात आखडता घेतलाय. घरात रोज कुरबुर होते, मुलं चिडचिडी झालीत आणि कर्जाची बाकी बघावी तर ती जागची हललेली नाही. दहा वर्षांत मोकळं व्हायचं ठरवलं होतं, ते सोडून द्यायचं का? आणि यंदा सुट्टीत मुलांना कुठे न्यायचं, की तेही पैसे कर्जात घालायचे?"

सोडून देऊ नका. तुमची बाकी हलत नाही यात तुमच्या काटकसरीचा दोष कमी आणि कर्जाच्या घडणीचा जास्त आहे. तरी काटकसरीच्या पद्धतीत एक मोठी गळती आहेच, तिच्याकडे येतेच मी. कुटुंबांना कर्जफेडीचं गणित मांडून द्यायचं काम मी गेली अठरा वर्षं करते आणि आमचं स्वतःचं २० वर्षांचं कर्ज आम्ही ११ वर्षं ४ महिन्यांत फेडलं. त्यातली पहिली दोन वर्षं आम्हीही नेमके तुमच्यासारखेच चिडलेले होतो.

आधी बाकी का हलत नाही ते पाहू. चलन कुठलंही असो, कर्ज १,००,००० धरा, व्याज वर्षाला ९ टक्के, मुदत २४० महिने. हप्ता बसतो सुमारे ९००. पहिल्या महिन्याचं व्याजच ७५०. म्हणजे तुम्ही ९०० भरता तेव्हा मुद्दल उतरतं फक्त १५०. तीन वर्षांत ३६ हप्ते, म्हणजे ३२,३९० भरून होतात आणि मुद्दलातून कमी होतात जेमतेम ६,१६०. तुम्ही आज या जागी उभ्या आहात. हाच हप्ता तसाच भरत राहिलात, तर निम्मं मुद्दल फिटायला १४ वर्षं लागतात आणि उरलेलं निम्मं पुढच्या सहा वर्षांत जातं. हे आकडे माझ्यासमोर बसलेल्या माणसांना मी कागदावर स्वतःच्या हाताने काढायला लावते, कारण नुसतं सांगून कोणाचा विश्वास बसत नाही.

पण याच गणिताची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यावर जो जादा पैसा भराल, तो सगळाच्या सगळा मुद्दलातून वजा होतो आणि त्या पैशावरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज टळतं. तुमच्या आजच्या बाकीवर १,००० जादा भरले, म्हणजे एका हप्त्याहून थोडे जास्त, तर शेवटचे पाच हप्ते गळून पडतात. तेच १,००० पंधरावं वर्ष संपल्यावर भरले, तर दोन हप्तेही गळत नाहीत. म्हणून "मुलं मोठी झाली की बघू, पगार वाढला की एकरकमी भरू" म्हणणाऱ्यांची मला काळजी वाटते. थोडे पण आत्ता भरलेले पैसे इथे फार मोठं काम करतात.

आता दहा वर्षांचं बघू. आजपासून १० वर्षांत फेडायचं तर हप्ता ९०० वरून ११९० च्या आसपास न्यावा लागेल. जवळपास एक तृतीयांश जास्त. तुमच्या बाबतीत ते उत्पन्नाचे सव्वाअकरा टक्के होतात. मला वाटतं, गेले आठ महिने तुम्ही हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवून एकदम तेवढी कपात करायला गेलात आणि घर पिळवटून निघालं. दुसरा रस्ता आहे. आज हप्ता फक्त १० टक्क्यांनी वाढवा, ९०० चे ९९०. तुमच्या उत्पन्नातले ते साडेतीन टक्के. मग दर वर्षी आदल्या वर्षीच्या रकमेत ५ टक्के वाढ करत जा. व्याजदर तोच राहिला तर तुमचं कर्ज ९ वर्षं ११ महिन्यांत संपतं. उत्पन्न वर्षाला साधारण ५ टक्क्यांनी वाढत असेल तर हप्त्याचा भार पहिल्या वर्षी होता तेवढाच राहतो, दर वर्षी नवी काटछाट करावी लागत नाही. एखाद्या वर्षी उत्पन्न वाढलं नाही तर त्या वर्षी हप्ताही वाढवू नका, फार तर काही महिने पुढे जाईल.

म्हणजे आज शोधायचे आहेत फक्त साडेतीन टक्के.

ते शोधताना मी कधीच चहाच्या कपापासून किंवा मुलांच्या खाऊपासून सुरुवात करत नाही. माझा अनुभव असा की रोज घ्यायचा निर्णय रोज भांडण लावतो आणि एकदा घेतलेला निर्णय वर्षभर गुपचूप पैसे वाचवतो. म्हणून आधी एकदाच घ्यायचे निर्णय काढा. एक सुट्टीची दुपार द्या, मागच्या बारा महिन्यांचे खात्याचे उतारे समोर घ्या आणि आपोआप कापल्या जाणाऱ्या प्रत्येक रकमेला पेन्सिलने गोल करा. वर्गण्या, सदस्यत्वं, फोनच्या योजना, कधीकाळी घेतलेल्या आणि आता कोणी न वापरणाऱ्या सेवा. यात बहुतेक घरांत एक-दीड टक्का सहज निघतो आणि त्यासाठी कोणाला मन मारावं लागत नाही.

मग वाहन. घरात दुसरी गाडी असेल तर तिचा खरा खर्च मांडा: इंधन, विमा, दुरुस्ती, कर, जागेचं भाडं आणि दर वर्षी घटणारी तिची किंमत. हा शेवटचा आकडा कोणी धरत नाही आणि नव्या गाडीत बहुधा तोच सगळ्यात मोठा असतो. दुसरी गाडी विकायलाच हवी असं माझं म्हणणं नाही. कामाच्या वेळा जुळत नसतील, मुलांना सोडायचं-आणायचं असेल तर ती लागतेच. पण चालू गाडी आणखी चार वर्षं वापरायची, हा निर्णय एकदा घेतलात की चार वर्षांची बचत तिथेच झाली.

विजेचंही असंच. खोल्यांतले दिवे बंद करण्यावरून आपण मुलांवर ओरडतो, पण मोठा भार असतो तो पाणी तापवण्याचा आणि खोली थंड किंवा उबदार ठेवण्याचा. गीझरचं तापमान एकदा उतरवून ठेवा, कपडे साध्या पाण्यात धुवा. दिव्यांचा विषय सोडून द्या, घरात शांतता राहील.

स्वयंपाकघराबद्दल जरा जास्त सांगते, कारण तिथे पैसे जातात ते खाण्यात कमी आणि टाकण्यात जास्त. आमच्या फ्रिजच्या दाराला मी एक छोटी वही सुतळीने बांधली होती, त्याच सुतळीला पेन्सिल. नियम एवढाच, की जे फेकाल ते फेकण्याआधी लिहायचं. कोणी फेकलं ते लिहायचं नाही, फक्त काय आणि अंदाजे किती. दोन आठवड्यांनी वही उघडली तर त्यात तेच तेच पाच पदार्थ पुन्हा पुन्हा होते. आम्ही ते कमी आणायला लागलो, बस. जेवणात कोणालाही काहीही कमी पडलं नाही. त्याआधी वर्षभर मी स्वस्त वाण शोधत चार दुकानं पालथी घालत होते, त्यातून वाचलं होतं त्याहून जास्त या वहीने वाचवलं. आठवड्याचे पदार्थ आधी ठरवून, यादी घेऊन, आठवड्यात एकदाच बाजार करणं हे त्याच्या जोडीला. दुकानात जितक्या कमी वेळा पाय टाकाल तितकं बरं.

आणि तुमच्या बाबतीत एक गोष्ट मला विचारावीशी वाटते. धाकटा आता सहा वर्षांचा आहे. तो पाळणाघरात जात असेल आणि ते आता बंद झालं असेल, तर ते पैसे कुठे गेले? हा प्रश्न मी प्रत्येक घरात विचारते आणि बहुतेक वेळा नवरा-बायको एकमेकांकडे बघत बसतात. संपलेला खर्च ही कुटुंबाच्या हाती येणारी सगळ्यात सोपी रक्कम असते. तिची सवय झालेली असते, तिच्याशिवाय घर चालत असतं. गाडीचं कर्ज फिटलं, शिकवणी संपली, दातांच्या तारा निघाल्या, की पुढच्याच महिन्यापासून तेवढीच रक्कम घरकर्जाकडे वळवा. एक महिना जरी मध्ये गेला तरी ती घरखर्चात मिसळून जाते आणि परत सापडत नाही.

आता ती गळती, जिचा मी सुरुवातीला उल्लेख केला. आठ महिने तुम्ही बचत केलीत, पण ती कर्जाच्या खात्यावर पोचली किती? तुमच्या पत्रात कुठेच नाही की या महिन्यात इतके जादा भरले. आमचंही तसंच झालं होतं. खर्च टाळला, खात्यात शिल्लक जरा फुगली, मग महिन्याच्या शेवटी काहीतरी निघालं आणि ती शिल्लक विरघळली. दोन वर्षं मन मारलं आणि मुद्दलात भरले किती, तर एका हप्त्याहूनही कमी. मग आम्ही नियम केला, जो शेवटपर्यंत पाळला. जे वाचलं ते त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायचं आणि ठरलेली मासिक वाढ पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप जाईल अशी सूचना देऊन ठेवायची. कर्ज देणारी संस्था लहान रकमा स्वीकारत नसेल तर त्या वेगळ्या खात्यात साठवून दर चार महिन्यांनी एकदम भरा. त्या खात्याचं कार्ड मात्र घेऊ नका.

चौकोनांचा कागद मी याच सुमाराला आखला. १२ चौकोनांची एक ओळ म्हणजे एक वर्ष, अशा २० ओळी, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या. महिन्याचा हप्ता गेला की वरून एक चौकोन निळा. जादा भरलं की जितके हप्ते गळाले तितके चौकोन खालून केशरी. रंगवायचं काम मुलीकडे होतं, ती तेव्हा नऊ वर्षांची. पहिल्या वेळी आम्ही जेमतेम एक हप्ता जादा भरला आणि मी तिला सांगितलं, खालून पाच चौकोन रंगव. तिने खडू हातात धरून विचारलं, "एकाचे पाच कसे?" मी तिला व्याज म्हणजे काय ते त्या रात्री पहिल्यांदा समजावलं. त्यानंतर घरात खर्चाचा विषय निघाला की ती स्वतः विचारायची, याचे खालचे किती होतील? काटकसरीला आमच्या घरात तोंड मिळालं ते त्या दिवशी. तोवर आम्ही मुलांना फक्त "नाही" म्हणत होतो. तुमच्यासाठी १७ ओळी आखा, २०४ चौकोन. मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला आखायला द्या.

पण एक सांगायलाच हवं, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. त्याच काळात एकदा मुलगा चालताना पाय आत वळवून टाकतोय असं दिसलं. बूट काढून बघितले तर पायाचे अंगठे लाल, एका नखाखाली रक्त साकळलेलं. बूट कधीपासून लहान होतायत विचारलं तर म्हणाला, "बरेच दिवस. पण कर्ज आहे ना." तो सात वर्षांचा होता. मी तशीच जमिनीवर बसून राहिले. आमची काटकसर एका लहान मुलाच्या अंगावर गेली होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही कागदाच्या वरच्या बाजूला लिहिलं: बूट, पुस्तकं, चष्मा, डॉक्टर. या चार गोष्टींच्या आड कर्ज आणायचं नाही. मुलांना ते मोठ्याने वाचून दाखवलं. तुमची मुलं चिडचिडी झालीत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सांगतेय. चिडणारं मूल निदान बोलतं तरी. जे गप्प आहे त्याच्याकडे जास्त लक्ष द्या.

मोठ्यांसाठीही एक सोय हवी. तुम्हा दोघांना दर महिन्याला सारखी, लहानशी रक्कम, जिचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा नाही. नवऱ्याने त्यात काय घेतलं, बायकोने काय घेतलं, चकार शब्द काढायचा नाही. कुरबुरीचा निम्मा भाग याने जातो, हे मी खात्रीने सांगते. मुलांनाही त्यांच्या वयाप्रमाणे थोडे पैसे असू द्या, चुकीचे खर्च करायला सुद्धा.

काही ठिकाणी कात्री लावूच नका. आरोग्य विमा आणि कमावत्या दोघांचा मुदतीचा जीवन विमा चालू ठेवा. कर्ज आहे तोवर त्याची गरज नेहमीपेक्षा जास्त असते. निवृत्तीसाठी मालक तुमच्या रकमेला जोड देत असेल तर ती सोडू नका. गळकं छत, ओल धरलेली भिंत, गाडीचे घासलेले ब्रेक हे पुढे ढकललं की दुप्पट होऊन येतं. आणि जादा हप्ता भरायला लागण्याआधी किमान तीन महिन्यांचा घरखर्च, हप्त्यासकट, हाताशी वेगळा असू द्या. सहा महिन्यांचा जमला तर उत्तम. कर्जात भरलेला पैसा बहुतेक ठिकाणी सहजासहजी परत काढता येत नाही. नोकरी गेली तर तुम्ही आजवर जादा भरलेलं बघून कोणी हप्ता माफ करत नाही. क्रेडिट कार्डाची बाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर सगळा जोर आधी तिथे लावा. त्यांचं व्याज घरकर्जापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त असतं.

आता कर्ज देणाऱ्या संस्थेकडची कामं. ही कंटाळवाणी आहेत, पण एका सकाळच्या कामातून वर्षभराच्या काटकसरीएवढा फायदा होऊ शकतो. मुदतीआधी भरण्यावर दंड आहे का आणि वर्षाला किती रकमेपर्यंत नाही, ते करारात वाचा. जादा रक्कम भरताना लेखी कळवा, की ही मुद्दलात जमा करा आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. काही संस्था न विचारता हप्ता कमी करून मुदत तीच ठेवतात. मग दर महिन्याला हातात थोडे पैसे उरतात आणि ते खर्चून जातात, कर्ज मात्र पूर्ण मुदतभर चालू राहतं. कधी कधी जादा रक्कम पुढचा हप्ता आगाऊ आला म्हणून नुसती ठेवून दिली जाते, मुद्दलाला लागतच नाही. आमच्या बाबतीत हे पाच महिने झालं होतं. उतारा ओळीने वाचला म्हणून सापडलं. म्हणून दर वेळी भरल्यावर पुढच्या महिन्याचा उतारा मागवा आणि मुद्दल तेवढ्याने उतरलंय का ते स्वतः तपासा.

व्याजदरही विचारा. नव्या ग्राहकांना तुमच्याहून कमी दर मिळत असेल तर तो मागायला लाजू नका. नाही म्हणाले तर दुसरीकडे कर्ज हलवण्याचा खर्च आणि बचत दोन्ही मांडून बघा. वरच्याच उदाहरणात अगदी सुरुवातीला दर ९ वरून साडेआठ झाला आणि हप्ता मात्र ९०० च ठेवला, तर २४० ऐवजी २२० हप्त्यांत कर्ज संपतं. अर्ध्या टक्क्याचे वीस महिने. बदलत्या दराचं कर्ज असेल तर उलटंही होतं. दर चढला की अनेकदा हप्ता तसाच राहतो, मुदत मात्र लांबते. त्यामुळे वर्षातून एकदा "किती हप्ते उरलेत" हा आकडा मागून घ्या आणि तुमच्या कागदावरच्या कोऱ्या चौकोनांशी पडताळून बघा.

राहिला सुट्टीचा प्रश्न. मुलांना न्या. मुलगी अकराची आहे. तुमचं कर्ज संपेल तेव्हा ती एकवीसची असेल आणि कदाचित तुमच्याबरोबर यायला तिला वेळ नसेल. आजच एक रक्कम ठरवा, दर महिन्याला तिचा बारावा हिस्सा बाजूला टाका आणि त्या रकमेत कुठे जायचं, किती दिवस, कसं राहायचं हे मुलांना ठरवू द्या. यंदा आठ महिने ओढाताण झालीये, रक्कम लहान असेल, तर दोन रात्रींचंच जमेल, तरी जा. तिथे असताना कर्जाचा विषय काढू नका आणि ठरलेले पैसे पूर्ण खर्च करा, उरवून आणू नका. चौकोनांचा कागद परत आल्यावर आखला तरी चालेल.